विशेषण नको, तारीख सांगा

रात्री साडेअकराला आमच्या मुक्त लेखकांच्या ग्रुपवर एक ओळ आली. "कुणी जागं आहे का?"

आमच्याकडे ही ओळ आली की दोनच शक्यता असतात. एक तर सकाळी नऊची डेडलाइन आहे आणि शेवटचा परिच्छेद काही केल्या बसत नाहीये, नाहीतर पैसे अडकलेत. त्या रात्री पैसे अडकले होते. चार लेखांचं बिल देऊन सत्तर दिवस झालेले, क्लायंटकडून चकार शब्द नाही. आठवण करून देणारा मेल आमच्या या मैत्रिणीने लिहून ठेवला होता, पण पाठवायचं बटण दाबवत नव्हतं. "जरा वाचून बघता का? फार कडक वाटत नाही ना?"

मेल असा होता : 'नमस्कार, आपण कामात व्यग्र असाल याची कल्पना आहे. तसदीबद्दल क्षमस्व. आपल्याला सवड मिळेल तेव्हा, शक्य असल्यास, माझ्या मागच्या बिलाकडे एकदा नजर टाकाल का? अडचण असेल तर पुढच्या महिन्यातही चालेल. पुन्हा एकदा क्षमस्व.'

कडक म्हणे! दोनदा क्षमा मागितली होती आणि बिलाचा नंबर कुठेच नव्हता. रक्कमही नव्हती.

जागे आम्ही तिघं होतो. एकाने पहिली क्षमा उडवली. दुसरीने 'शक्य असल्यास'वर काट मारली. 'सवड मिळेल तेव्हा' राहू दे, तेवढं सौजन्य असावं, असं माझं म्हणणं होतं. त्यावर उत्तर आलं, "ताई, सवड त्यांना सत्तर दिवस होतीच की." मी गप्प बसले. 'पुढच्या महिन्यातही चालेल' हे वाक्य मात्र आम्ही तिचं तिलाच काढायला लावलं. पाऊण तासाने जे उरलं ते एवढंच : बिलाचा क्रमांक, तारीख, रक्कम. 'ठरल्याप्रमाणे ही रक्कम तीस दिवसांत देय होती. आज सत्तरावा दिवस आहे. ती कोणत्या तारखेला जमा होईल, हे कृपया शुक्रवारपर्यंत कळवावे.' 'कृपया' ठेवायचा हट्ट तिचा होता आणि तो बरोबर होता.

आठ दिवसांनी पैसे आले. पण माझ्या लक्षात राहिलं ते सव्वाबाराला तिने लिहिलेलं वाक्य. "मला वाटायचं, हे असं फक्त माझ्याच बाबतीत होतं."

मुक्त लेखन करणाऱ्यांच्या एकटेपणाबद्दल बरंच लिहिलं जातं. खिडकी, टेबल, थंड झालेला कप वगैरे. खरं सांगायचं तर त्या एकटेपणाची आमच्यापैकी कुणाची फारशी तक्रार नसते. तो आपण निवडलेला असतो, कित्येकदा त्याच्यासाठीच नोकरी सोडलेली असते. घात करतो तो दुसराच एकटेपणा. नोकरी करणाऱ्याला शेजारचं टेबल असतं. तिथून त्याला कळतं की पगारवाढ कधी मागायची, कोणत्या साहेबाला मेल पाठवून उपयोग नाही, 'उद्या बघू' म्हणजे नक्की काय. कुणी शिकवत नाही, ते हवेतच असतं. फ्रीलान्सरला ती हवा मिळत नाही. एकाच क्लायंटसाठी लिहिणारे पाच जण पाच घरांत बसलेले असतात, प्रत्येकाचा दर वेगळा असतो, आणि प्रत्येकाला वाटतं की आपल्याला मिळतोय तोच दर रूढ आहे. समोरच्या बाजूला मात्र पाचही आकडे एकाच फाइलमध्ये असतात.

'फ्रीलान्स' शब्दाचं मूळ भाडोत्री भालाइतांमध्ये आहे. वॉल्टर स्कॉटने १८१९ साली आलेल्या एका कादंबरीत कुणा एका धन्याला बांधील नसलेल्या, पैसे देईल त्याच्या बाजूने लढणाऱ्या सैनिकांसाठी तो वापरला. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला शब्द फार रुबाबदार वाटला होता. नंतर ध्यानात आलं की ते भालाईत टोळीने हिंडत. त्यांचा म्होरक्या टोळीच्या वतीने बोली करी. आपण शब्द घेतला आणि टोळी तिथेच ठेवून आलो.

आमचा ग्रुप आठ जणांनी सुरू केला. आठही एकमेकांना कामातून ओळखणारे : दोन अनुवादक, एक पटकथा लिहिणारा, बाकीचे लेख, जाहिरात आणि वेबसाइटचा मजकूर लिहिणारे. पहिले चार महिने उत्तम गेले. मग आम्ही ती चूक केली जी सगळेच करतात. चांगलं चाललंय, तर आणखी लोकांना घेऊ या. कुणी मित्राला आणलं, मित्राने त्याच्या मैत्रिणीला. वर्षाच्या आत दोनशेवर गेलो आणि दोनशेवर गेल्यानंतर तिथे कुणीच काही खरं बोलेनासं झालं. सकाळी सुविचार. दुपारी 'कुणाकडे काम असेल तर सांगा'. संध्याकाळी कुणाच्या तरी पुस्तकाच्या मुखपृष्ठाखाली अभिनंदनाचे एकशे चार संदेश. आकडा विचारला की शांतता.

इंटरनेटच्या इतिहासात हे इतक्यांदा होऊन गेलंय की त्याला नाव आहे. यूजनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चामंचावर दर सप्टेंबरला विद्यापीठांत दाखल झालेले नवे विद्यार्थी येत, महिनाभर गोंधळ घालत, तोवर जुने लोक त्यांना रीत शिकवत आणि पुन्हा सुरळीत होई. १९९३च्या सप्टेंबरपासून नव्यांचा लोंढा थांबलाच नाही, म्हणून जुने लोक त्याला 'कधीच न संपणारा सप्टेंबर' म्हणू लागले. नव्या माणसांचा त्यात दोष नव्हता. रीत शिकवायला लागतो तेवढा वेळ मिळेना, एवढंच. आमचाही सप्टेंबर संपेना. व्हॉट्सअ‍ॅपने २०२२ साली ग्रुपची मर्यादा वाढवत वाढवत १०२४ वर नेली तेव्हा एकाने आनंदाने लिहिलं, "आता आपण हजार होऊ शकतो!" मला पोटात गोळा आला होता.

शेवट झाला तो एका स्क्रीनशॉटने. एका लेखकाने एका क्लायंटबद्दल लिहिलं होतं, वैतागून, थोडं जास्तच झणझणीत. दुसऱ्या दिवशी तो मजकूर क्लायंटच्या हातात होता, काम गेलं होतं, आणि पाठवणारा कोण हे कधीच कळलं नाही. दोनशे लोकांत ते कळायचं कसं? आम्ही मूळचे आठ जण आठवडाभर एकमेकांशी नीट बोललो नाही. माझ्या मनात दोन-तीन नावं होती. इतरांच्याही असतील. त्यातलं एक नाव माझं असावं, असा मला आजही संशय आहे.

दुसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा तीसच माणसं आणि नियम अगदी थोडे. त्यातला पहिला आमच्या अनुवादक मित्राने सुचवला आणि तो त्या स्क्रीनशॉटमधूनच निघाला होता. विशेषण नको, तारीख सांगा. 'हे लोक लबाड आहेत' असं लिहायचं नाही. 'काम अमुक तारखेला दिलं, बिल अमुक तारखेला, पैसे अजून नाहीत' असं लिहायचं. सुरुवातीला हा नियम आम्ही कायद्याच्या भीतीने केला. विशेषणावर बदनामीचा दावा होऊ शकतो, खऱ्या तारखेवर करणं अवघड. पण त्याचा वेगळाच परिणाम दिसला. 'लबाड' म्हटलं की वाचणारे दहा जण 'अरेरे' म्हणतात आणि तिथेच थांबतात. 'सत्तर दिवस' म्हटलं की कुणीतरी सांगतं, मला पंचावन्न लागले, आणि ते बिल संपादकाकडून न पाठवता थेट हिशेब विभागाला पाठवलं तेव्हा सुटलं. रागाला सहानुभूती मिळते, तारखेला उत्तर मिळतं. (विशेषणांवर पोट भरणाऱ्या माणसांनी विशेषणं बंद करायची, यातली गंमत आमच्यातल्या पटकथाकाराने दोन दिवस पुरवली.)

दुसरा नियम : इथलं बाहेर न्यायचं नाही, आणि इथे लिहिलेल्या शब्दांची जबाबदारी लिहिणाऱ्याची. हे काही आमचं डोकं नव्हे. १९८५ साली स्टुअर्ट ब्रँड आणि लॅरी ब्रिलियंट यांनी कॅलिफोर्नियात 'द वेल' नावाचा संगणकावरचा संवादमंच सुरू केला. मॉडेमवरून फोन लावून बोलायचे दिवस ते. तिथलं सूत्रच होतं की तुमच्या शब्दांचे धनी तुम्ही. तिथे टोपणनावाआड दडायची सोय नव्हती. कोण बोलतंय हे माहीत असल्याखेरीज भरवसा वाढत नाही, हे त्यांना चाळीस वर्षांपूर्वी कळलं होतं. आम्हाला एक काम गमावून कळलं.

मग आली शीट. एक साधी एक्सेल शीट, आणि मला विचाराल तर ग्रुपचा खरा जीव तिच्यात आहे. कामाचा प्रकार, शब्दसंख्या, ठरलेलं मानधन, ॲडव्हान्स मिळाला का, दुरुस्तीच्या फेऱ्या किती झाल्या, हक्क कुणाकडे गेले, बिलानंतर किती दिवसांनी पैसे आले. भरणाऱ्याचं नाव नाही. पहिले तीन आठवडे ती रिकामीच होती. सगळे उघडून बघत, कुणी भरत नसे. स्वतःचा दर सांगणं हे वय किंवा वजन सांगण्यापेक्षाही अवघड असतं. कमी असला तर लाज, जास्त असला तर दृष्ट लागायची भीती. शेवटी एकीने, जिला आम्ही सगळे यशस्वी समजत होतो, उघडपणे सलग अकरा ओळी भरल्या. तिचा शब्दाचा दर माझ्याहून कमी होता. बाकीच्यांपैकीही निम्म्यांहून. त्या रात्री शीटमध्ये चाळीस ओळी पडल्या.

दुरुस्तीच्या फेऱ्यांचा रकाना आम्ही सहज म्हणून टाकला होता, तोच सर्वांत बोलका निघाला. चांगला दर देणारं एक काम सहा फेऱ्यांनंतर बघितलं तर तासाच्या हिशेबाने सगळ्यांत स्वस्त ठरत होतं. 'एक छोटासा बदल आहे' या वाक्याची किंमत तोवर आमच्यापैकी कुणी मोजलेलीच नव्हती. आता बहुतेकांच्या करारात ओळ असते : दोन फेऱ्या दरात धरल्या आहेत, तिसरीपासून वेगळे पैसे. काम मधेच रद्द झालं तर किती द्यायचं, तीही ओळ असते. पूर्वी ही ओळ टाकायला आपण फार मोठं असावं लागतं, असं मला वाटायचं.

शीट भरू लागली तसा पुढचा प्रश्न येणारच होता. एकाने लिहिलं, "आता दर कळलेच आहेत, तर सगळ्यांनी मिळून किमान दर ठरवू या. त्याखाली कुणीच काम घ्यायचं नाही." टाळ्यांचा पाऊस. मलाही क्षणभर वाटलं की हेच तर हवं होतं. पण गोष्ट इतकी सरळ नाही. पगारी नोकर एकत्र येऊन मालकाशी वाटाघाट करतात तेव्हा त्यांना कामगार कायद्याचं छत्र असतं. अमेरिकेत २०२३ साली चित्रपट-मालिकांच्या लेखकांनी २ मेपासून २७ सप्टेंबरपर्यंत, १४८ दिवस, संप केला आणि यंत्राकडून लिहून घेण्यावर करारात मर्यादा आणल्या. ते करू शकले, कारण कायद्याच्या दृष्टीने ते कर्मचारी आहेत. मुक्त लेखक अनेक देशांच्या स्पर्धा कायद्यात प्रत्येकी एकेक स्वतंत्र व्यवसाय ठरतो. दोन व्यवसायांनी मिळून दर ठरवणं म्हणजे साटंलोटं. दोन सिमेंट कंपन्यांना लागू होणारा नियम, दोन अनुवादकांना. युरोपीय आयोगाने २०२२ साली एकट्याने काम करणाऱ्या स्वयंरोजगारितांसाठी यात वाट मोकळी केली, पण सगळीकडे तशी वाट नाही.

म्हणून आम्ही दर ठरवला नाही. झालेल्या व्यवहारांचे आकडे, नावाविना, ज्याने त्याने बघावे आणि आपला आपण निर्णय घ्यावा, यावर थांबलो. सुचवणारा नाराज झाला. काही दिवस त्याने बोलणंच टाकलं. त्याची नाराजी मला कळते. कमी दराने काम घेणारा माणूस आपला शत्रू वाटतो, जोवर तो ग्रुपमध्ये येऊन सांगत नाही की घरात आजारपण आहे आणि या महिन्यात नाही म्हणणं परवडणारं नाही.

उशिराच्या पैशांवर मात्र कायदा काय करू शकतो याचं एक उदाहरण मी नव्या माणसाला हमखास सांगते. न्यूयॉर्क शहरात मे २०१७पासून एक कायदा आहे. ठरावीक रकमेवरच्या कामाला लेखी करार हवाच, पैशांची तारीख ठरली नसेल तर काम संपल्यापासून तीस दिवसांत द्यायचे, आणि मागितले म्हणून फ्रीलान्सरला त्रास द्यायचा नाही. तो तसाच आपल्या कुणाला लागू होतो असं नाही. पण 'तीस दिवस' ही माझी हाव नसून कुठेतरी कायदा आहे, हे माहीत असलं की मेल लिहिताना हात थरथरत नाही.

या सगळ्याला आपण 'ऑनलाइन' म्हणून नवं समजतो. लंडनमध्ये १८८४ साली कादंबरीकार वॉल्टर बेझंटने लेखकांची संस्था काढली, कवी टेनिसन तिचा पहिला अध्यक्ष. एवढी मोठी नावं म्हटल्यावर मला वाटलं होतं, सत्कार आणि व्याख्यानं करत असतील. पण संस्थेचा जोर होता तो हिशेबांवर. पुस्तक छापायला कागद, जुळणी, बांधणी मिळून खरा खर्च किती येतो, याचे आकडे तिने छापून लेखकांच्या हाती दिले, म्हणजे प्रकाशकाने दाखवलेला खर्च ताडून बघता यावा. सभासदांचे करार वाचून द्यायचं काम ती संस्था आजही करते. म्हणजे शीट त्यांच्याकडेही होती.

आधार म्हणजे काय, याबद्दल माझं मत या सहा-सात वर्षांत बरंच बदललं. पूर्वी मला वाटायचं, एकमेकांचं लेखन वाचायचं, कौतुक करायचं, धीर द्यायचा. ते आम्ही आता जवळजवळ करतच नाही. कौतुकाला वेगळा दिवस ठेवलाय, शुक्रवार, त्या दिवशी काय मिरवायचं ते मिरवा. बाकी दिवस कामाचं. हे ऐकून काही लोक म्हणतात की तुमचा ग्रुप फार रुक्ष आहे. असेल. पण एका मित्राची बायको दवाखान्यात होती तेव्हा त्याच्या दोन डेडलाइन दोघांनी वाटून घेतल्या, क्लायंटला आधी सांगून, त्याच्या शैलीत लिहून, पैसे त्यालाच. 'काळजी घे' असं त्या दिवशी ग्रुपवर फार कमी जणांनी लिहिलं.

असूया असते. तीस माणसं एकाच बाजारात, कसं नसेल? मला हवं असलेलं काम माझ्याच शीटमधून माहिती घेऊन दुसरीने मिळवलं तेव्हा मी दोन दिवस ग्रुप उघडला नव्हता. तिसऱ्या दिवशी तिनेच मला फोन करून विचारलं की ताई, करारात हक्कांची ही ओळ आहे, सही करू का? मनात आलं की म्हणावं, कर. मग ओळ वाचली. सर्व माध्यमांत, कायमचे, जगभर. म्हटलं, थांब.

बोलणारे थोडेच असतात. वेबसाइट लोक कशा वापरतात याचा अभ्यास करणाऱ्या याकोब नीलसेनने २००६ साली मांडलेला हिशेब आहे की अशा ठिकाणी शंभरातले नव्वद नुसतं वाचतात, नऊ अधूनमधून बोलतात आणि एकच माणूस बहुतेक सगळं लिहीत असतो. आमच्याकडे तीसच असल्याने गणित जरा बरं आहे, पण फार नाही. मुक्यांना काढून टाकावं अशी टूम मधे निघाली होती. मी विरोध केला, फार तात्त्विक कारणाने नव्हे. मी स्वतः दुसऱ्या एका ग्रुपमध्ये तीन वर्षं मुकी आहे आणि तिथून उचललेल्या एका वाक्यावर माझे दोन करार झालेत.

गेल्या काही वर्षांत शीटमध्ये एक नवा प्रकार आलाय. २०२२च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं, आणि त्यानंतर काही महिन्यांत पहिली ओळ पडली : 'यंत्राने लिहिलेला मजकूर माणसासारखा करून देणे.' दर निम्म्याहून कमी, कारण 'लिहून तयारच आहे, फक्त हात फिरवायचाय'. तिघांनी ते काम घेतलं आणि तिघांनीही वेळ नोंदवला. स्वतः लिहायला लागला असता त्याहून जास्त. चुकीची नावं तपासायची, एकच गोष्ट तीनदा सांगितलेली काढायची, आणि मग उरलेल्यात जीव ओतायचा. हा रकाना नसता तर तिघांनीही स्वतःलाच मंद समजून घेतलं असतं. यापुढे काम कितपत उरेल, यावर आमच्याकडे रात्री दोनपर्यंत भांडणं होतात. त्यातून अजून काही निघालेलं नाही.

ॲडमिनचं काम आम्ही तिमाहीला फिरतं ठेवतो. एकाच माणसावर पडलं की तो आधी चिडचिडा होतो, मग हुकूमशहा, मग सोडून जातो. हे तिन्ही टप्पे मी स्वतः पार केलेत, शेवटचा थोडक्यात चुकला. काम दिसत नाही असं आहे : नव्या माणसाशी फोनवर बोलायचं, कुणी विशेषण वापरलं की खाजगीत तारीख विचारायची, दोघांचं बिनसलं तर दोघांचं ऐकायचं आणि कुणालाच काही सांगायचं नाही. पैसे अर्थातच नाहीत. पैसे वेळेवर मागायला शिकवणाऱ्या ग्रुपचं हे काम फुकट चालतं, यावर दर तिमाहीला एक विनोद होतो. आता तो कुणालाच हसू आणत नाही.

या तिमाहीत पाळी माझी आहे. शीट साफ करायची आहे. तीन वर्षांपूर्वीच्या ओळी काढून टाकायच्या, कारण जुना दर नव्याला फसवतो. काल रात्री बसले आणि वरून खाली काढत गेले. एका ओळीशी थांबले. लेखमाला, सहा भाग, ॲडव्हान्स नाही, फेऱ्या दोन, आणि दिवसांचा रकाना मोकळा. ओळ माझी आहे. आठवणीचे मेल मी पाठवले होते, चारही, बिल क्रमांकासकट, क्षमा न मागता. नियमाने ती ओळ काढायला हवी. दिवसांच्या रकान्यात काय लिहू, असं मी ग्रुपवर विचारलंय. अजून जागं कुणी दिसत नाही.